सोबतच्या माणसाची जुनी केस मालकाला सांगावी का?

तूरडाळ_लातूर: आमच्या डाळमिलमध्ये दिवाळीनंतर नवा स्टोअरकीपर आलाय. माझ्या मावशीच्या गावचा, औसा तालुक्यातला. बांधाच्या भांडणात त्यानं चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला म्हणे, काही महिने आत होता. मालकाला ठाऊक नाही. माणूस कामाला चोख. पोती वजनकाट्यावर स्वतः उभं राहून मोजून घेतो. पण उद्या काही झालं तर मालक मलाच धरतील, 'माहीत होतं तर बोलला का नाहीस?' सांगू का?

आडत्या: निकाल काय लागला? मावशीला नको, ई-कोर्ट्सवर बघ. बांधावरून दांडकी न उचललेलं गाव मराठवाड्यात दाखव मला.

बीडचा_भाऊ: खरं सांग, ती जागा तुला पाहिजे होती ना?

वकीलबाई_धाराशिव: ऐकीव गोष्ट सांगू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 बदनामीचं आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नुसतं 'खरं होतं' म्हणून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. अफरातफरीत शिक्षा झाली असती तर स्टोअरच्या कामाशी संबंध होता. मालकाला काळजी असेल तर त्यांनी सगळ्यांकडूनच पोलिस पडताळणीचा दाखला मागावा.

तूरडाळ_लातूर: भाऊ, मी हिशेबाला आहे, स्टोअर नको मला. केस सापडली, 2017 ला निर्दोष सुटलाय. मालकाला काही बोलत नाही. मावशीला मात्र सांगावं लागेल, ती अजून जन्मठेप झाली म्हणून सांगत फिरते.