मदत हवी आहे: लेकीच्या क्ले शूटिंगसाठी ट्रॅप, स्कीट की स्पोर्टिंग?

रानजाई:

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लेक पंधरा वर्षांची आहे. मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर ती इथल्या एका क्लबात क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत सोडलेली तबकडी बंदुकीने फोडायच्या खेळाला, गेली आणि आता तिने तेच शिकायचं मनावर घेतलंय. आमच्या दोघांच्याही घराण्यात कुणी बंदुकीला हात लावलेला नाही. नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे, म्हणजे रायफल, एवढंच आम्हाला ठाऊक. ओळखीत विचारलं तरी सगळे रायफलीचंच सांगतात. इथे तर छर्‍यांची दुनळी आणि हवेत सुटलेली तबकडी.

ट्रॅपमध्ये तबकडी समोरच्या यंत्रातून सुटून आपल्यापासून लांब पळते. स्कीटमध्ये दोन बाजूंना एक उंच आणि एक बुटकं अशी दोन घरं असतात, तबकड्या त्यांतून आडव्या जातात आणि नेमबाज अर्धवर्तुळावर जागा बदलत जातो. स्पोर्टिंगमध्ये माळावर, झाडीत ठिकठिकाणी उभं राहायचं आणि प्रत्येक ठिकाणी तबकडी वेगळी: एखादी सशासारखी जमिनीवरून उड्या मारत जाणारी, एखादी सरळ आभाळात चढणारी. इथवर कळलं. पण ट्रॅपच्याही आत डाउन द लाइन वेगळं, ऑलिम्पिक ट्रॅप वेगळं. पुण्याहून तिचे आजोबा फोनवर राज्यवर्धनसिंह राठोड यांच्या अथेन्सच्या रौप्यपदकाबद्दल उत्साहाने सांगतात. ते २००४ चं पदक डबल ट्रॅपचं होतं आणि तो प्रकार रिओनंतर ऑलिम्पिकमधून गेलाच. मग लेकीने सुरुवात कुठून करावी?

दुसरी अडचण मोठी आहे. ती उजव्या हाताची, पण क्लबातल्या प्रशिक्षकांनी तपासलं तर तिचा डावा डोळा प्रबळ निघाला. डाव्या खांद्यावरून शिकावं, असं ते म्हणतात. त्यातच दुकानदाराने ट्रॅपची एक वापरलेली बंदूक दाखवली आणि ही संधी सोडू नका म्हणाला. पैसे आमच्यासाठी थोडे नाहीत. तिचा आनंद बघता तिला नीट वाट मिळावी अशी फार इच्छा आहे. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

भोरकडा:

रानजाई ताई, आधी बंदुकीचं. आत्ता घेऊ नका. ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडा वर मारा करणारी असते, कारण तिथली तबकडी चढत असते, आणि तिचे चोकही, म्हणजे छर्रे किती पसरतील ते ठरवणारी नळीची टोकं, आवळलेले असतात. स्कीटमध्ये तबकडी जवळून जाते, तिथे छर्रे लवकर पसरायला हवेत. एका प्रकारची बंदूक दुसऱ्या प्रकारात तुमच्या मुलीला त्रास देईल. शिवाय तिचं वाढीचं वय आहे. दस्त्याची लांबी वर्षभरात बदलावी लागेल. क्लबाची बंदूक वापरू द्या. पुढे घ्यायचीच झाली तर चोक बदलता येणारी स्पोर्टर, म्हणजे स्पोर्टिंगसाठीची बंदूक, घ्या, ती सगळीकडे चालते. परवाना पोलिसांकडून मिळतो, पण १८ वर्षांखालील मुलांना बंदूक विकत घेता येत नाही. ती मोठ्यांनाच घ्यावी लागेल. तेव्हा घरी कुलपाचं पोलादी कपाट आणि ते ठेवायची जागा याचा विचार आधीच करा.

आता डोळा. शॉटगन, म्हणजे ही छर्रे मारणारी बंदूक, दोन्ही डोळे उघडे ठेवून चालवतात. नजर तबकडीवर असते, नळीवर नाही, आणि नळी डोळ्याच्या मागोमाग फिरते. उजव्या खांद्यावर बंदूक आणि सूत्रं डाव्या डोळ्याकडे असली की मारा बाजूला जातो आणि का चुकलं ते मुलाला कळत नाही. घरी पुन्हा खात्री करा: दोन्ही तळहात जुळवून मध्ये छोटी फट ठेवायची, दोन्ही डोळ्यांनी त्या फटीतून लांबचा विजेचा खांब बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब फटीत राहतो तो प्रबळ. डावाच निघाला तर प्रशिक्षकांचं ऐका. तिला अजून कसलीच सवय लागलेली नाही, डावा खांदा शिकायला हीच वेळ चांगली. काही जण चष्म्याच्या काचेवर बारीक चिकटपट्टी लावून भागवतात, पण आडव्या तबकडीचा वेग आणि अंतर कळायला दोन्ही डोळे लागतात. डाव्या हातासाठी दस्त्याचा बाक, म्हणजे त्याचा बाजूला असलेला किंचित कल, तोही उलटा लागतो. दुकानदाराला तो विचारून बघा, तिथेच व्यवहार थांबेल.

प्रकाराबद्दल माझं मत: डाउन द लाइन आणि इंग्लिश स्कीट दोन्ही शिकू द्या. डाउन द लाइनमध्ये यंत्र एकच, तबकडीचा कोन बेताचा. पहिला बार लागून फुटली तर ३ गुण, दुसर्‍या बारावर फुटली तर २. २५ तबकड्यांचे कमाल ७५. मन एकाग्र ठेवायची शिस्त इथे लागते. इंग्लिश स्कीटमध्ये तबकड्यांचा मार्ग ठरलेला, बंदूक आधीच खांद्याला लावली तरी चालते. त्यामुळे तबकडीच्या किती पुढे मारायचं ते जागेगणिक अंगात भिनतं. ऑलिम्पिक ट्रॅपची घाई नको. तिथे खंदकात १५ यंत्रं, कोन ४५ अंशांपर्यंत आणि ७६ मीटरपर्यंत जाणारी वेगवान तबकडी. ऑलिम्पिक स्कीटमध्ये बंदूक कमरेशी धरून हाक द्यायची, आणि तबकडी लगेच किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही सुटते. नवख्या मुलांचा तिथे हिरमोड होतो. स्पोर्टिंग मात्र अधूनमधून जरूर, कारण त्यात मुलं रमतात.

आणि लेकीला झांग शान यांच्याबद्दल सांगा. १९९२ ला बार्सिलोनात स्कीट स्त्री-पुरुषांना एकत्र होतं; या चिनी नेमबाजाने अंतिम फेरीआधीच्या २०० पैकी २०० फोडल्या आणि सुवर्ण घेतलं. पुढच्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना स्कीट खेळूच दिलं नाही. २००० ला सिडनीत त्यांची स्वतंत्र स्पर्धा आली. पॅरिसमध्ये २०२४ ला तुमच्या तिकडच्याच अँबर रटर यांनी त्याच स्पर्धेत रौप्य मिळवलं.

रानजाई:

मनापासून आभार, दादा. खांबाची चाचणी केली, डावाच डोळा. दुकानदाराला नाही कळवलंय. आता एकच विचारते: डाव्या हाताची बंदूक क्लबात नाही, तर बाक नसलेल्या सरळ दस्त्यावर शिकलं तर चालेल का?

भोरकडा:

सुरुवातीला हो. फक्त प्रशिक्षकांना समोर उभं राहून, बंदूक उघडून रिकामी असल्याचं बघून, मग ती खांद्याला लावल्यावर तिचा डावा डोळा नळीच्या बरोबर मध्ये येतो का ते तपासायला सांगा. गाल दस्त्यावर टेकवताना मान वाकडी करावी लागत असेल तर दस्त्याला जाड पट्टी लावून घ्या. काडतुसं २१ ग्रॅमची मागा, खांद्याला धक्का कमी बसेल.