पळायला लागून तीन आठवडे, वजन उलट वाढलं!

संथगती:
वय ४७, बैठी नोकरी. जन्मात पहिल्यांदा नेमाने व्यायाम करतेय. आठवड्यातून चार दिवस दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, असा अर्धा तास. काल काट्यावर उभी राहिले तर ९०० ग्रॅम जास्त! खाणं वाढवलेलं नाही, देवाशपथ. वर रविवारी हौसेने टेकडीवरून पळत उतरले. त्या दिवशी काही नाही, पण मंगळवारी मांड्या अशा भरल्या की कठडा धरून आडवी आडवी जिना उतरले. चढताना मात्र ठीक. मुलगा म्हणतो लॅक्टिक ॲसिड साठलंय, अजून पळ म्हणजे निघून जाईल. नवरा म्हणतो, या वयात नसते उद्योग. कुणाचं ऐकू?

खडूस:
काटा माळ्यावर टाका. पुढचा प्रश्न.

उशिराचा_गडी:
ताई, दोघांचंही नको. पळणं थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्वपदावर येतं. मंगळवारी दुखवायला ते उरतंय कुठे? हे दुखणं उताराचं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते, सूज येते आणि २४ ते ७२ तासांत ठणका टिपेला जातो. जिना उतरताना पुन्हा तेच काम, म्हणून कठडा लागतो. थोड्या दिवसांनी तोच उतार बराच कमी छळेल.

वजन म्हणाल तर सुजेचं पाणी. शिवाय सराव सुरू झाला की स्नायू ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) जास्त साठवतात आणि दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. चरबी नव्हे ती.

काट्यापेक्षा नाडी बघा. मी ५१व्या वर्षी सुरुवात केली. सकाळी अंथरुणातच, दोन बोटं मनगटावर, पूर्ण एक मिनिट, आकडा हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर. पहिल्या दिवशी ८२, चार महिन्यांनी ६८. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागलं की कमी ठोक्यांत भागतं. वजन तोवर जेमतेम दीड किलो उतरलं होतं.

पण त्या ६८नेच माझा घात केला. दम लागेना, म्हणून एका आठवड्यात अंतर दुप्पट केलं. हृदय काही आठवड्यांत तयार होतं, कंडरांना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) महिने लागतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. टाचेमागची कंडरा अशी धरली की सकाळची पहिली दहा पावलं भिंतीच्या आधाराने. अकरा आठवडे पळणं बंद! तेवढे दिवस एकच उद्योग: पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा सावकाश खाली सोडायच्या. कंटाळवाणा प्रकार, पण त्यानेच सुटलो.

नवऱ्याला लंडनच्या दुमजली बस ऐकवा. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवलं की दिवसभर बसणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. (चालकांच्या गणवेशाची कंबर मोठी होती, म्हणजे फरक निव्वळ जिन्यांचा नसेलही, हेही पुढे त्यांनीच दाखवलं. माणूस प्रामाणिक.)

पट्टी_बांधणारी:
दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील तर वरचं पटतं. पण हाडावर एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं तर पळू नका, दाखवून घ्या. लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दडपण आलं तर जागच्या जागी थांबा आणि तातडीने मदत बोलवा.

संथगती:
दोन्ही मांड्या सारख्याच, आज बऱ्याच हलक्या आहेत. नाडी मोजली. पहिल्या खेपेला ३१ वर मांजर अंगावर चढलं, पुन्हा एकपासून. ७९. उतार महिनाभर बंद. मुलाला तासाभराचं लॅक्टेट सांगितलं, तो आता नेटवर शोधत बसलाय.

खडूस:
मांजराची नाडी मोजली नाहीत ना?