रिफंडची मेल खरी की खोटी? बाबांना कसं पटवू?

कर्वेरोडची:
नमस्कार मंडळी. बाबा निवृत्त, कोथरूडला असतात, मी बाणेरला. एफडीच्या व्याजावर कापलेला टीडीएस परत मिळावा म्हणून त्यांनी रिटर्न भरलंय. काल आयकर विभागाच्या नावाने मेल आली: १८,६४० रुपयांचा परतावा मंजूर, ४८ तासांत लिंकवर जाऊन खात्याची पुष्टी करा, नाहीतर रद्द. वर अशोकस्तंभ, खाली सही-शिक्का, पॅनसुद्धा बरोबर. मला खटकतंय, पण रक्कम अंदाजाच्या जवळपास आहे म्हणून बाबा ऐकेनात. "माझं पॅन चोराला कसं माहीत असेल?" हा त्यांचा सवाल. दाखवता येईल असं काही सांगा. नुसतं 'फ्रॉड आहे' म्हणून भागणार नाही.

आकडेमोड:
फ्रॉडच आहे. मी सीएच्या ऑफिसात आहे, सीझनला अशा मेल कुणी ना कुणी दाखवायला आणतंच. रिफंडसाठी लिंक दाबावीच लागत नाही. रिटर्नवर बंगळुरूच्या सीपीसीत, म्हणजे आयकर विभागाच्या प्रक्रिया केंद्रात, प्रक्रिया होते, कलम १४३(१) ची सूचना येते आणि पैसे विभागाच्या पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे पडताळून घेतलेल्या खात्यात आपसूक जमा होतात.

आता गंमत अशी, की खात्यात काही गडबड असेल तर रिफंड अडकतो आणि आयकर विभागाची खरी मेलही येते. तेव्हा सरसकट सगळ्या मेल खोट्या असंही नाही. मेलमधून कुठे जायचं नाही, एवढं पाळा. ब्राउझरमध्ये स्वतः इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन टाइप करा, लॉगिन करा, रिटर्नची स्थिती बघा. बाबांना शेजारी बसवून.

शनिवारातला:
पॅन बरोबर आहे म्हणे! एजंटला, सिमकार्डवाल्याला, सराफाला आपण पॅनच्या झेरॉक्स हळदीकुंकवाच्या वाणासारख्या वाटल्यात. आणि ते ४८ तास? रिफंडला उशीर झाला तर कलम २४४अ खाली दरमहा अर्धा टक्का व्याज द्यायची तरतूद आहे. तोच आयकर विभाग दोन दिवसांत रिफंड रद्द करायची धमकी कशाला देईल?

नळस्टॉप:
आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी अशीच लिंक दाबली होती. मी ते पान नंतर पाहिलं. आधी बँकांच्या चिन्हांची रांग, त्यातली आपली निवडायची. मग नाव, पॅन, जन्मतारीख. मग कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. शेवटी ओटीपी. त्या मेसेजमध्ये अमुक रक्कम खर्च होतेय असं स्वच्छ लिहिलेलं होतं, काकूंनी सहा आकडे तेवढे वाचले. पैसे यायचे असतील तर कार्डाच्या मागचे आकडे कशाला लागतात, हे बाबांना विचारा.

मुलाने लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावला म्हणून थोडी रक्कम पुढे जायच्या आत गोठली. बँकेलाही त्याच वेळी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यापुढचं बँकेचं, असं होतं. प्रत्येक मिनिट मोलाचं.

आकडेमोड:
+१. शिवाय पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, पूर्ण पत्ता बघा. 'इन्कमटॅक्स' हा शब्द पत्त्यात कुठेही घुसडता येतो. पत्ता जीओव्ही डॉट इनवर संपत नसेल तर विषय संपला. मात्र पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट करता येतो, म्हणून पोर्टलवर बघणं चुकवू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १५,४९० रुपयांच्या रिफंडचा असाच मेसेज फिरत होता, पीआयबीच्या (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या) फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. आकडा असा गोल नसला की लोकांना खरा वाटतो.

कर्वेरोडची:
धन्यवाद सगळ्यांना! आत्ताच पोर्टल उघडून बसलो होतो. रिटर्न ई-व्हेरिफाय झालंय, प्रक्रिया अजून बाकी. मग मंजूर कोणी केलं? बाबा जरा वेळ गप्प, मग "तरी रक्कम कशी जुळली?" जुळलीच नव्हती, आमचा आकडा दोन हजारांनी कमी आहे. वर रिफंडसाठी एक जुनं, बंद पडलेलं खातं निवडलेलं निघालं. ते बदललं. आता ती मेल डिलीट करू ना?

आकडेमोड:
आधी वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर फॉरवर्ड करा, मग डिलीट. लिंक दाबून झाली असेल तर मात्र ठेवा, तक्रारीला लागेल.

शनिवारातला:
अवांतर: व्हॉट्सॲपवर रिफंडच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी) आली तर ती इन्स्टॉल करायची नाही, हेही आत्ताच सांगून ठेवा. मेल फसली की ही मंडळी तिकडे वळतात.