लुपस कशामुळे होतो? सासूबाईंनी जावेचं ताट वेगळं केलंय

ऐरोलीकर_सून: जाऊबाईंना लुपस निघालाय, गालावर लाल चट्टे, सांधे दुखतात. सासूबाईंनी त्यांचं ताट-पेला वेगळा केला, बाळालाही घेऊ देत नाहीत. हा संसर्गाने होतो का? शेजारच्या काकू म्हणतात वांगी खाल्ल्याने झालं.

कळवा_नाका: अजिबात नाही!! ताट आजच एकत्र करा आणि बाळ त्यांच्या मांडीवर द्या. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, त्यात लागण होण्यासारखं काही नसतंच. वांग्याचाही संबंध नाही.

घोडबंदर_ताई: माझ्या बहिणीला आहे. एकच कारण सापडत नाही, जीन्समुळे (आनुवंशिक गुणांमुळे) तो होण्याकडे कल असतो, हार्मोन्सचाही हात असावा कारण १० पैकी ९ पेशंट बायका, मग ऊन, एखादं इन्फेक्शन, सिगरेट असं काहीतरी निमित्त होतं. बहीण तलावपाळीला दुपारी फिरली की दोन दिवसांत चट्टे, म्हणून आता छत्री, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. आईकडून मुलाला होतोच असंही नाही, बहुतेकांना होत नाही.

वाशी_सेक्टर१७: टीबीच्या आयसोनियाझिडसारख्या काही औषधांनीही लुपससारखा त्रास होतो, औषध थांबवलं की सहसा जातो. पण मनाने गोळ्या बंद करू नका, रुमॅटॉलॉजिस्टलाच (सांधे आणि अशा आजारांच्या डॉक्टरांनाच) विचारा.

ऐरोलीकर_सून: हे सगळं आज रात्री सासूबाईंना वाचून दाखवते.