प्रौढ वर्गात उताऱ्यातला मुख्य मुद्दा कसा शिकवायचा?

द्राक्षपट्टा
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातल्या गावातला संध्याकाळचा वर्ग आहे. काही जणी उल्लासची (प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची) १५० गुणांची परीक्षा देऊन पुढचं वाचायला लागलेल्या आहेत. बाकीचे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून (शाळेत न जाता) दहावीला बसणारे, विशी ते पस्तिशीतले. वाचता सगळ्यांना येतं. पण पाच-सहा ओळींचा उतारा झाला आणि “यात मुख्य काय सांगितलंय?” असं विचारलं, की कुणी पहिलं वाक्य जसंच्या तसं म्हणतं, कुणी अख्खा उतारा पुन्हा सांगतं, तर कुणी त्यातला एखादा आकडा उचलतं. मुख्य मुद्दा आणि त्याला आधार देणारा तपशील यातला फरक व्याख्या सांगून कळत नाही. पहिल्या आठवड्यात नेमकं काय घ्यावं? उतारे कुठले, किती मोठे?

कृष्णाकाठ_सांगली
ताई, “मुख्य काय?” हा प्रश्नच बाजूला ठेवा. तो एकदम फार मोठा आहे. त्याचे दोन तुकडे करा. पहिला: हा उतारा कशाबद्दल आहे? याचं उत्तर दोन-तीन शब्दांत यायला हवं. दुसरा: त्याबद्दल काय म्हटलंय? याचं उत्तर पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट. “बेदाणा” हा झाला विषय, मुद्दा नव्हे. पहिल्या आठवड्यात एवढंच पक्कं करा, तेही तोंडी. तुम्ही वाचा, त्यांनी ऐकावं. अक्षरं लावण्याची मेहनत मधे नसली की विचार करायला डोकं मोकळं राहतं.

मग पट्ट्या. एका कार्डशीटवर एकेक वाक्य ठळक लिहून कापायचं, तीन-चार जणांत एक संच. उतारा त्यांच्या रोजच्या कामातला असावा. तुमच्या भागासाठी हा घ्या:

१. उन्हाळ्याच्या तोंडावर बेदाण्याच्या शेडमध्ये कामाची गर्दी असते.
२. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो.
३. हिरवा बेदाणा हवा असेल तर द्राक्षं सावलीत आणि खेळत्या वाऱ्यात सुकवावी लागतात.
४. थेट ऊन लागलं की बेदाणा तांबूस पडतो.
५. म्हणून शेडच्या बाजूंना जाळी लावतात.
६. द्राक्षांचे थर दाट झाले तर आत वारा पोचत नाही आणि माल खराब होतो.

पट्ट्या विस्कटून द्या आणि सांगा, ज्या वाक्याला बाकीची वाक्यं टेकलेली आहेत ते वर ठेवा. बहुतेक गट १ किंवा २ वर ठेवतील. लगेच चूक म्हणू नका. त्यांनी वर ठेवलेल्या वाक्याला “का?” किंवा “कशावरून?” विचारायला लावा आणि उत्तर खालच्या पट्ट्यांत शोधायला लावा. “चार किलोंचा एक किलो होतो. का?” याचं उत्तर एकाही पट्टीत नाही. “सावलीत सुकवावी लागतात. का?” म्हटलं की ४ पुढे येते. “वारा कशाला?” म्हटलं की ६ येते. इथे त्यांचं त्यांनाच दिसतं.

यातली ५ नंबरची पट्टी मुद्दाम ठेवलेली आहे. ती ३ ला सरळ टेकत नाही, ४ ला टेकते. तेव्हा ती ४ च्या खाली, थोडी उजवीकडे सरकवून ठेवायला सांगा. तपशिलालाही तपशील असतो हे टेबलावर डोळ्यांनी दिसतं. २ नंबरची पट्टी बाजूला पडते. माहिती खरी आहे, पण या मुद्द्याच्या कामाची नाही. ती काढून उतारा पुन्हा वाचायचा. काही बिघडलं नाही ना? मग ३ काढून वाचायचा. आता बाकीची वाक्यं कशासाठी आहेत तेच कळेनासं होतं. हा काढून पाहण्याचा प्रयोग प्रत्येक उताऱ्यावर करा.

आणि मुद्दा दर वेळी पहिल्या वाक्यात ठेवू नका. सुरुवातीच्या उताऱ्यांत तो तिथे असला की “पहिली ओळ म्हणजे मुद्दा” अशी सवय लागते आणि ती मोडायला फार जड जाते. तिसऱ्या उताऱ्यापासूनच तो मधे किंवा शेवटी न्या.

वाई_वर्ग
पट्ट्यांच्या आधी एक पायरी आहे, ती सुटू नये. “सगळ्यांना वाचता येतं” म्हणजे किती? एकेकाला बाजूला बसवून चाळीस-पन्नास शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला सांगा. जोडाक्षरावर अडून वाक्य तुटत असेल, तर शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात विसरलेली असते. अशांना मुद्दा सापडत नाही याचं कारण समजेत नसतं, वाचण्याच्या वेगात असतं. त्यांना आधी तोच उतारा दोन-तीनदा वाचू द्या, प्रश्न नंतर.

चाळिशीच्या पुढच्यांचं जवळचं दिसणं बघा. ट्यूबलाइटखाली पुस्तकातला बारीक टाइप दिसत नाही, आणि लाजेने कुणी बोलत नाही. उतारा १६ ते १८ पॉइंटमध्ये छापा, ओळींत अंतर ठेवा, आणि तालुक्याला नेत्रतपासणी शिबिर लागलं की वर्गात सांगा. लांबी पहिल्या महिन्यात चार ते सहा वाक्यं, त्यापुढे नको.

माणदेशी_वाचक
वरचं सगळं पटलं, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. आकडा सांगितला की तो तपशील, मुद्दा नाही, असं सरसकट शिकवू नका. आपल्या लोकांना उतारे कमी आणि नोटिसा जास्त वाचायच्या असतात. पंचायतीच्या फळ्यावर लागतं: “विषय : पाणीपुरवठा बंद राहणेबाबत. मुख्य जलवाहिनीचे काम हाती घेतल्याने मंगळवार व बुधवारी पाणी येणार नाही. गुरुवारी सकाळी कमी दाबाने पाणी येईल. ग्रामस्थांनी पाणी साठवून ठेवावे.” इथे ज्या बाईने “मंगळवार, बुधवार” एवढंच सांगितलं, तिने कामाची गोष्ट बरोबर पकडली आहे. तिला चूक म्हटलं की ती पुढच्या वेळी बोलणार नाही.

म्हणून नोटिशीसाठी प्रश्न बदला: मला काय करायचंय, आणि कधीपर्यंत? याचं उत्तर एका वाक्यात आलं की तोच मुख्य मुद्दा. इथे “मंगळवारच्या आत दोन दिवसांचं पाणी भरून ठेवायचं.” जलवाहिनीचं काम हे कारण आणि कमी दाब हा पुढचा तपशील. सरकारी पत्रात मात्र “संदर्भ”खालचे जावक क्रमांक आणि तारखा माणसाला गुंतवतात. तो भाग आधी पेन्सिलीने आडवा खोडायला सांगा, “विषय” वाचायला सांगा, मग थेट शेवटचा परिच्छेद. करायची गोष्ट बहुतेक वेळा तिथे असते. मधला मजकूर त्यानंतर.

कृष्णाकाठ_सांगली
हे बरोबर आहे. उतारा आणि नोटीस एकाच तासाला घेऊ नयेत, दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. आधी दोन आठवडे उतारे, मग नोटिसा.

द्राक्षपट्टा
बेदाण्याचा उतारा घेतला की एक होणार हे आत्ताच दिसतंय. इथल्या बायका शेडवर कामाला जातात. त्या उताऱ्यात नसलेलं सांगतील: डिपिंगचं (द्राक्षं बुडवून काढायचं) पाणी, गंधकाची धुरी, मजुरीचा दर. ते खरं असतं, पण उताऱ्यात नसतं. त्यांना थांबवलं तर वाईट वाटेल. आणि १७ नंबरवाल्यांना कृतिपत्रिकेसाठी (दहावीच्या प्रश्नपत्रिकेसाठी) वेगळं काही घ्यावं का?

कराड_रात्रवर्ग
थांबवू नका. फळ्याचे दोन भाग करा: “कागदावर आहे” आणि “आम्हाला माहीत आहे”. जे सांगतील ते सगळं लिहायचं, फक्त कुठल्या बाजूला ते त्यांनी ठरवायचं. डाव्या बाजूला लिहायचं असेल तर ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. धुरीसाठी बोट ठेवायला ओळ सापडत नाही, मग ती उजवीकडे जाते, मानाने. मुद्दा मात्र फक्त डाव्या बाजूवरून काढायचा. ओळखीच्या विषयात शब्द अडत नाहीत, पण माणूस कागद सोडून स्वतःच्या अनुभवातून उत्तर देतो. म्हणून तीन ओळखीच्या उताऱ्यांनंतर एक अनोळखी द्या. तिथे उजवी बाजू रिकामी राहते आणि खरोखर किती जमलंय ते कळतं.

दहावीवाल्यांसाठी हीच विभागणी उपयोगी पडते. मराठीच्या कृतिपत्रिकेत आकृतिबंध (रिकाम्या चौकटींची आकृती) पूर्ण करायला असतो, तो बहुतेक वेळा तपशिलाचा असतो. स्वमताचा प्रश्न उजव्या बाजूचा, उताऱ्याशी जोडून. या दोन्हींच्या मधे मुद्दा हरवतो. आकृतिबंधात चारही चौकटी अचूक भरणाऱ्याला उतारा कशाबद्दल होता ते सांगता येत नाही असं होतं, कारण चौकटीतला शब्द नजरेने शोधून उतरवता येतो, समजावा लागत नाही. त्यावर उपाय असा: जुन्या अपठित उताऱ्याखालचे प्रश्न झाकून ठेवायचे. आधी प्रत्येकाने दहा ते पंधरा शब्दांचं एक वाक्य लिहायचं, उताऱ्यातले सलग चार शब्द न उचलता. मग प्रश्न उघडायचे.

ती वाक्यं तपासताना तीनच गोष्टी बघा. फार रुंद झालंय का (“शेतीत कष्ट असतात”), फार अरुंद झालंय का (“जाळी लावतात”), की उताऱ्याबाहेरचं आलंय. वहीत शेरा म्हणून “रुंद”, “अरुंद” किंवा “बाहेर” एवढाच शब्द लिहा आणि वाक्य त्यांनाच दुरुस्त करू द्या. आधी पेन, दुरुस्तीला पेन्सिल, म्हणजे दोन्ही वाक्यं वहीत शेजारी राहतात.

“पण”, “मात्र”, “तरीही” या शब्दांना गोल करायची सवयही लावा. मराठीत लेखक आधी लोकांचा समज सांगतो आणि “मात्र”च्या पुढे स्वतःचं म्हणणं मांडतो. घाईत वाचणारा अलीकडचं वाक्य उचलतो आणि उत्तर नेमकं उलटं येतं. “उदाहरणार्थ”, “शिवाय”, “तसेच” यांच्या पुढे बहुधा तपशीलच असतो, त्यांच्याखाली साधी रेघ पुरे. ज्या उताऱ्यात मुद्दा कुठल्याच वाक्यात सरळ लिहिलेला नाही, तसे उतारे दुसऱ्या महिन्याच्या आधी काढू नका. तेव्हाही पट्ट्यांचाच खेळ ठेवा, फक्त वरची पट्टी कोरी द्या आणि ती गटाने मिळून लिहायची.