मुद्दाम खेळ बिघडवणाऱ्या सहखेळाडूचे काय करावे?

ऐरोलीकर: मी, धाकटी बहीण आणि मामेभाऊ असे तिघे रात्री जेवणे उरकल्यावर व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ खेळतो, पाच जणांच्या संघातले उरलेले दोघे अनोळखी असतात. परवा आम्ही 4-9 असे मागे पडल्यावर त्यांतल्या एकाने आमच्याच पायाशी आग टाकायला सुरुवात केली. बहिणीने माइकवर त्याला थांबायला सांगितले, तर मुलीचा आवाज ऐकताच त्याने जी शिवीगाळ केली, ती येथे लिहिण्याजोगी नाही. पुढच्या फेरीपासून तो भिंतीकडे तोंड करून नुसता उभा राहिला. आम्ही हरलो याचे दुःख नाही. पण तेव्हापासून बहीण माइक लावतच नाही. अशा वेळी उत्तर द्यावे, गप्प बसावे की सामना सोडावा?

कळवा_रात्रपाळी: सामना सोडू नका, कारण दंड सोडणाऱ्याला बसतो. पहिल्याच शिवीला त्याचा आवाज आणि चॅट दोन्ही म्यूट करा. सामना संपल्यावर रिपोर्ट करताना शिवीगाळ आणि मुद्दाम न खेळणे हे दोन्ही प्रकार निवडा. नुसता राग म्हणून भलताच प्रकार निवडला, तर तक्रार वाया जाते.

घोडबंदरची: दादा, म्यूट करणे योग्यच आहे, पण त्यात शेवटी गप्प बसावे लागले ते तुमच्या बहिणीला. मीही बरेच महिने माइकशिवाय खेळले आहे. शत्रू मागून येताना दिसतो आणि सांगता येत नाही, तेव्हा फार जीव तुटतो. व्हॅलोरंटच्या रँक सामन्यांत, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या सामन्यांत, चौघांचा गट घेतच नाहीत, कारण पाचवा एकटा पडतो. तुम्ही तिघे आहात, तेव्हा ओळखीचे आणखी दोघे जोडा आणि पाचही जण आपलेच ठेवा. आमच्या सोसायटीतल्या मुलींचा गट असाच जमला.

नेरूळ_सेक्टर: मला थोडे वेगळे वाटते. हरताना चिडलेला आणि मुद्दाम खोडी काढणारा यांत फरक असतो. चिडलेला पुष्कळदा 'पुढची फेरी बघू' एवढ्या एका वाक्याने शांत होतो. आग टाकणारा मात्र त्यातला नव्हे. डोटा 2 या दुसऱ्या ऑनलाइन खेळात अशांना वेगळ्या रांगेत टाकतात आणि तेथून सुटण्यासाठी ठरावीक सामने नुसते खेळून भागत नाही, ते जिंकावे लागतात. ही शिक्षा मला सर्वांत न्याय्य वाटते.

ऐरोलीकर: मनापासून आभार. घणसोलीचा एक मित्र यायला तयार झाला आहे. घोडबंदरच्या ताई, पाचवी जागा रिकामी आहे. शनिवारी रात्री तुमच्या गटातले कोणी येईल का, असे बहिणीनेच विचारायला सांगितले आहे.