मोगऱ्यासाठी इंडोल आणलं, पण वास भलताच येतोय

साबणवाली, सांगली:
घरी खोबरेल तेलाचे साबण करते. मोगऱ्याच्या वासासाठी पाच ग्रॅम इंडोल (सुगंधात वापरायचं खडेदार रसायन) मागवलं. काल बाटली उघडली आणि घरभर डांबरगोळ्या अधिक संडास असा वास सुटला. सासूबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. खडेही पांढरे नाहीत, फिकट गुलाबी आहेत. माल खराब लागला का? आणि त्यात नायट्रोजन आहे, मग ते साबणातल्या कॉस्टिक सोड्यासारखं जळजळीत असतं का?

अत्तरकाका:
ताई, माल बहुधा चांगलाच आहे. इंडोलला हवा-उजेड सोसत नाही, रंग चढतो. तपकिरी बाटलीत, बूच घट्ट लावून, गारव्याला ठेवा.

नुसतं इंडोल कधीच हुंगू नका. मी एक ग्रॅम इंडोल नव्व्याण्णव ग्रॅम अल्कोहोलमध्ये विरघळवतो, कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेतो आणि अर्धा तास थांबतो. मग त्यात फूल सापडायला लागतं. रात्री गजरा केसांत मळला की जो जडसर, अंगाला चिकटणारा वास येतो ना, त्यात याचा वाटा आहे. इंडोल वगळून मोगरा बांधून बघितलाय मी; गोड होतो, पण जिवंत वाटत नाही.

कॉस्टिकसारखं नाही. पिरिडिन या दुसऱ्या नायट्रोजनवाल्या रसायनात नायट्रोजनची इलेक्ट्रॉनजोडी मोकळी असते, म्हणून ते अल्कधर्मी. इंडोलमध्ये ती जोडी रेणूच्या ॲरोमॅटिक कड्यातच (अणूंच्या स्थिर वर्तुळात) गुंतलेली असते, म्हणून ते तसं वागत नाही. तरी हातमोजे घाला.

मात्र पांढऱ्या साबणात इंडोलमुळे वडी पिवळट-तपकिरी पडते. आधी एकच वडी करून महिनाभर ठेवा.

पाणी तपासणारी:
संडासाचा वास आला तो भास नाही. आतड्यातले ई. कोलाय जिवाणू प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन फोडून इंडोलच बनवतात. आम्ही त्यावरूनच त्यांना ओळखतो: रात्रभर ३७ अंशांवर वाढवलेल्या नळीत कोव्हॅक्स अभिकर्मकाचे (इंडोल ओळखणाऱ्या रसायनाचे) थेंब सोडायचे. इंडोल असेल तर वरच्या थरात चेरीसारखं लाल कडं उभं राहतं. विहिरीच्या पाण्यातून वाढवलेल्या जिवाणूंच्या नळीत ते दिसलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

साबणवाली, सांगली:
काका, एक टक्क्याचं द्रावण केलं. पट्टी देवघराशेजारी ठेवली होती. सासूबाई आत आल्या आणि विचारलं, "गजरा कुणी आणला?"